कंसातलं गाव

शाळेनं ग्रंथालय बंद केलं तो सोमवार होता. मी तिथला ग्रंथपाल, सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पुढच्या महिन्यात मी एका सेवाभावी मंडळाच्या शववाहिनीवर ड्रायव्हर म्हणून लागलो, तीन महिन्यांच्या बोलीवर.

हे काम मला जमेल असं वाटत नव्हतं. शाळेची व्हॅन कधीमधी चालवत असे, म्हणून लायसन्स होतं, एवढंच. मंडळानं मला गुलाबभाऊंच्या हाताखाली दिलं. ते साठीच्या पुढचे, नाचणगावचे, आधी कापसाच्या ट्रकवर होते. पहिल्या फेरीत मयत उतरवून नातेवाईक आत गेले. मी गाडीचं मागचं दार लावायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब ना बे. सगळे उतरले काय?"

मी आत पाहिलं. स्ट्रेचर रिकामं होतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसे गुलाबभाऊ दारापासून बाजूला सरून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लाव आता." परतीच्या रस्त्यावर मी आरशात पाहायचं टाळलं.

'बॉडी' हा शब्द ते वापरत नसत. 'सवारी' म्हणत. "एस्टीतली सवारी चुकली तं वरडते. आपली वरडत नाई. म्हनून आपल्याले जास्त पाहा लागते." खड्डा आला की मागं न वळता सांगायचे, "जरा सांभाळजा, काकाजी."

आणि गाव विचारताना ते कंस विचारत. आमच्या जिल्ह्यात एकाच नावाची गावं पुष्कळ. सिंदी (मेघे) वेगळी, सिंदी (रेल्वे) वेगळी. पिपरी म्हटलं तर कोणती, ते कंसात लिहावं लागतं. रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन ते हळूच म्हणत, "कंसात काय हाय, दादा?" मला ते कसंतरीच वाटे. एकदा तसं बोललो.

"लाज वाटते काय विचाराले? मास्तर, तू पुस्तक कोनत्या कपाटातलं हाय हे पाहत होता का नाई? हेबी तेच हाय. फक्त हे पुस्तक परत येत नाई."

मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि एक फेरी मला एकट्याला करावी लागली. सावंगीच्या दवाखान्यातून एका वृद्ध गृहस्थांना न्यायचं होतं. कागदावर गाव होतं टाकळी. मुलगा पुढची तयारी करायला मोटरसायकलनं निघाला होता. "आई सांगते रस्ता," म्हणाला. त्याची आई मागं नवऱ्याच्या उशाशी बसली. मी कंस विचारला नाही. विचारलं तर मी नवा आहे हे त्यांना कळेल, असं वाटलं.

आर्वीच्या पुढे फाटा आला. पाटीवर उजवीकडे बाण होता : टाकळी (पुनर्वसन). मधल्या छोट्या खिडकीतून बाई म्हणाल्या, "डावीकडं घ्या, भाऊ." पाटी मी वाचली होती. तरी डावीकडे घेतलं. त्यांचं गाव त्यांना ठाऊक, मला काय कळतं.

डांबर संपलं. विजेचे खांब दिसू लागले, त्यांवर तारा नव्हत्या. मग गाव आलं. भिंती होत्या; दारं, चौकटी, छपरं लोकांनी जाताना काढून नेली होती. प्रत्येक भिंतीवर भूसंपादनवाल्यांनी लाल रंगात घातलेला आकडा होता. शाळेच्या भिंतीवर बाराखडी अर्धी उरली होती. खाली लांबवर धरणाचं पाणी पांढरं दिसत होतं. भर दुपार होती आणि कुठे एक कुत्रंही नव्हतं.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "आलं घर."

त्या उतरल्या आणि एका ओट्यावर जाऊन बसल्या. मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. मग अंगणाकडे लक्ष गेलं. आजूबाजूला गुडघाभर वाळलेलं गवत होतं. या एकाच अंगणात झाडूच्या रेघा होत्या आणि सडा घातलेला होता.

"इथं कोण राहतं?"

"कोनीच नाई. चार वर्स झाले."

"मग हे झाडलं कोणी?"

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "मी तं बारा दिवसापासून दवाखान्यात होती, भाऊ," म्हणाल्या, आणि घरातून कुणी वडीलधारं बाहेर यावं तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी गाडीच्या आड जाऊन गुलाबभाऊंना फोन लावला. कसंबसं सगळं सांगितलं. शिव्या बसतील असं वाटलं होतं.

"सडा वाळला का ओला हाय?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बोट लावलं. माती थंड होती. "ओला."

"मंग पाच मिनिट थांब. मांगचं दार उघड अन् बाजूले हो. घाई नोको करू. मंग बाईले म्हन, माय, नव्या घरी पोरगा वाट पाहून राह्यला. येतीन त्या."

मी दार उघडून बाजूला झालो. ती पाच मिनिटं मी घड्याळाकडे पाहत काढली, कारण दुसरीकडे पाहायचं धैर्य नव्हतं. बाई हळू आवाजात काही सांगत होत्या. मधे थांबत होत्या, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशा. मी हाक मारली तेव्हा लगेच उठल्या.

नव्या टाकळीत मुलगा रस्त्यातच उभा होता. "घंटाभरापासून वाट पाहून राह्यलो आमी. कुठं गेलते?"

"मी गाव नीट विचारलं नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

तो माझ्या अंगावर येणार होता, पण आईनं त्याचा हात धरला. "मीच नेलतं. तुह्या बाबाले घर दाखवून आणलं." तो गाडीचं मागचं दार उघडायला गेला.

संध्याकाळी मी किल्ली घेऊन नाचणगावला गेलो. गुलाबभाऊ काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते.

"मला हे जमणार नाही," मी म्हटलं.

"काऊन?"

"भीती वाटते. आणि पाटी डोळ्यांनी वाचूनही मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही."

"ह्या दोन गोष्टी झाल्या." त्यांनी चष्मा काढला नाही. "भेवाचं आयक. पयल्या दिवशी मी गाडी सोडून पानठेल्यावर जाऊन बसलो होतो. पन्नाशीचा बाप्या. मेलेल्या पोरीची माय आली. म्हने, भाऊ, चाल ना, तिले उशीर होऊन राह्यला. ते रागावली असती तं मी पळून गेलो असतो. रागावलीच नाई, मंग उठा लागलं. भेव तवापासून गाडीतच हाय. मांगं बसते. चालवतो मी."

"आणि दुसरी?"

"मी चौथी नापास. पाटी वाचाले मले टाइम लागते, तोवर गाडी पुढं जाते. म्हनून मी सगळ्यायले विचारतो. तुले वाचता येते अन् तू गप राह्यते. वाचलं तं बोलावं मानसानं, लायब्रीवाल्या."

किल्ली त्यांनी घेतली नाही. चहा सांगितला. मी विचारलं, "ते अंगण कोणी झाडलं असेल?"

"मले काय माईत? आपलं काम दारापरेंत."

त्यानंतर आम्ही सहा वर्षं एकत्र होतो. गेल्या डिसेंबरात गुलाबभाऊ गेले. सावंगीहून त्यांना घरी न्यायचं होतं. मंडळाच्या सचिवांनी मला विचारलं, दुसरीकडून कुणी ड्रायव्हर बोलावू का. मी नको म्हटलं. देवळीजवळ रस्त्याचं काम चालू होतं. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "सरळ काढा, काका." मी म्हटलं, "पुढे बंद आहे असं लिहिलंय. मी इकडून नेतो." तो बरं म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर मनात आलं की काही अडलं तर फोन ज्यांना करायचा, ते मागं आहेत. मी गाडी चालवत राहिलो.

आता मंडळाकडे एक गाडी आहे आणि एक ड्रायव्हर आहे. तो मी आहे.