कोंडवाड्यातली म्हैस

लढाईत पकडला गेलो आणि सीमेपलीकडच्या छावणीत वर्षभर कैदेत काढलं. पुढं फौज सोडून कागलजवळच्या आमच्या गावात ऊस लावला, म्हैस घेतली. तिच्या गळ्यात मात्र कधी दावं घातलं नाही. बायको करवादायची, "कैदेत तुमी हुता, म्हस न्हाय. बांधा की तिला." मी ऐकतोय कुठला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका सकाळी म्हशीनं शेजाऱ्याच्या कोवळ्या उसाचा फडशा पाडला. त्यानं तिला हाकत नेलं आणि ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातलं. माझं टाळकं सटकलं, पण भांडू कुठल्या तोंडानं? ऊस त्याचा गेला होता. मुकाट्यानं दंड भरला आणि तिला आणायला गेलो.

शिपायानं फाटक उघडलं. "न्या तुमची म्हस."

म्हैस उठेना. पुढ्यात कडबा टाकलेला, बाईसाहेब निवांत रवंथ करत बसलेल्या. मी हाका मारल्या, दटावलं, चुचकारलं. शिपाई तिची शेपटी पिरगाळायला वाकला, तसा मी खेकसलो, "हात लावायचा न्हाय तिला." आणि तिच्या शेजारी शेणातच बसकण मारली.

तो हसायला लागला. "अवो, फाटक सताड उघडं हाय की. हिला दिसंना व्हय?"

"दिसतंय," मी म्हटलं. "जरा दम धर."

छावणीत सुटकेच्या दिवशी असंच फाटक उघडून माझं नाव पुकारलं होतं. तीन हाका झाल्या, तरी मी जागचा हललो नव्हतो.