आईचा आवाज

ब्रह्मपुरीत आम्ही लिहिणाऱ्या बाया महिन्यातून एकदा जमतो. त्या दुपारी विषय निघाला 'भीती'. दहा मिनिटं, पेन थांबवायचं नाही. जंगल उशाशीच, म्हणून सगळ्या वाघावर तुटून पडल्या. मला वाघाचा कंटाळा आलाय, म्हणून मी चिडून आईच्या मोठ्या आवाजावर लिहायला घेतलं. तिचं साधं बोलणंही गल्लीभर ऐकू जातं. लिहिता लिहिता मोहाची झाडं आली. पहाटे जंगलात मोहफुलं वेचताना जनावर दूर राहावं म्हणून ती ओरडून बोलायची. तीच सवय घरी आली. म्हणजे वाघ माझ्याही कागदावर आलाच! हसतच तिला फोन लावला.

"काऊन फोन केला वं? जेवली का नाई?"

स्पीकर बंद होता. खिडकीतलं मांजर मात्र उडी मारून पळालं.