भिंतीवर चढणारा हात

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या उजव्या हाताने खांद्याच्या वर जाण्यास साफ नकार दिला आहे.

तुम्ही हसाल. मीही हसलो असतो, पण मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. पत्र्यावर ठोका पाडायचा तर कपाळाच्या उंचीवरची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात. हात मशीनखाली सापडू नये म्हणून ती सोय. एक हात वर जात नाही म्हणजे मशीन गप्प, आणि मशीन गप्प म्हणजे मी घरी. कंपनीच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले. तोवर हात वर गेला नाही तर माझ्या जागी दुसरा माणूस.

माझ्यासारख्या साखरेचा आजार असलेल्यांचा खांदा असा जखडतो, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं. जेवणानंतर चालायचं, आणि रोज तीनदा भिंतीकडं तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. बोटं थांबतील तिथं पेन्सिलीची खूण.

खुणा भराभर वर सरकल्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी चहाच्या आधी ती भिंत दाखवायचो, देवगिरीच्या गाईडच्या थाटात. सदरा मात्र अजून बायकोच अंगात घालून देत होती. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिच्या आलं. एका सकाळी ती पोळ्या सोडून आली, माझ्या पायांशी वाकली आणि म्हणाली, "अहो, हात कुठं चढतोय? तुम्हीच चढताय. टाचा बघा."

टाचा चांगल्या चार बोटं अधांतरी होत्या.

ती खाली बसली आणि दोन्ही टाचा फरशीला दाबून धरल्या. बोटं पहिल्या खुणेच्या जरा वर जाऊन थांबली. दोन महिने मी स्वतःलाच टाळ्या वाजवत होतो, आणि हातात उरले होते चार आठवडे. त्याच दिवशी एका सोबत्यानं फोन करून सांगितलं की, माझ्या मशीनवर नवा माणूस शिकायला लावलाय.

त्यानंतर भिंत कुणाला दाखवली नाही. बायको खाली टाचा धरून बसायची, वर मी कण्हायचो. कधी अख्ख्या आठवड्यात खूण एका नखाएवढी सरकायची. मी तसा नाटकी माणूस, रडणं मला सहज जमतं. पण त्या दिवसांत भिंतीकडं तोंड होतं म्हणून बरं झालं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हात वर करा. खांदा करकरला, डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम फुटला. हात नाकापाशी अडला, आणि मग हळूहळू कपाळाच्या वर गेला. डॉक्टरांनी माझ्या पावलांकडंही एक नजर टाकली, कागदावर सही केली आणि हात खाली घ्यायला सांगितलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या की साहेब जरा वर. लई दिवसांनी गेलाय."