एक नग हातमोजा

बीरगांवच्या आमच्या कारखान्यातले स्टोअरकीपर काका कुठलीही वस्तू दोनदा मोजतात, मान हलवून "हव" म्हणतात आणि मगच देतात. नवं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांना त्यांनी तीनदा सांगितलं होतं, "भैया, हातमोजे कॉम्प्युटरात नगानं नका चढवू, जोडीनं चढवा." ऐकतो कोण!

पहिल्याच दिवशी सिस्टमनं भट्टीवरच्या प्रत्येक कामगाराला एकच हातमोजा मंजूर केला. काकांनी कॉम्प्युटरकडे पाठ फिरवून सगळ्यांना जोड्या वाटल्या. नियम मोडल्याचा मेमो निघाला तो काकांच्याच नावानं! आणि असला निर्लज्ज कागद टाइप केला मी.

काकांनी तो दोनदा वाचला, "हव" म्हणाले आणि दोन्ही पंजे मॅनेजरपुढे पसरले.

"साहेब, सही कोणत्या हातानं करू? तुमच्या सिस्टमले तर एकच दिसून राहिला."