धोंडमाळाची रेघ

शाळा सुटल्यावर तुम्ही करता काय, असं महादेवीबाईंना कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "लोकांनी ओढलेल्या रेघा पुसते." आणि वर चिडायच्याही.

देवणीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. संध्याकाळी मात्र लष्कराच्या भाकऱ्या. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं एक संकेतस्थळ आहे. कुणीही पक्षी बघावा, कुठं दिसला ते लिहावं आणि त्या जागेची हद्द नकाशावर रेघ ओढून दाखवावी, अशी तिथली रीत. ती हद्द खरी की खोटी हे तपासायचं काम लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांपुरतं बाईंच्या गळ्यात पडलं होतं. ना पगार, ना मानधन. नवरा अमरनाथ उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या अडतीवर बसायचा. तो म्हणायचा, "तलाठी झाली असतीस तर चार लोकांनी रामराम तरी घातला असता."

पक्षी ओळखताना माणूस शहाण्यासारखा वागतो. हद्द म्हटली की त्याचं डोकं फिरतं. बिलोलीच्या एका गृहस्थानं अख्ख्या तालुक्याभोवती रेघ ओढली. का, तर मोर सगळीकडंच दिसतो. रेणापूरकडच्या एकानं तलावाची सुरेख हद्द काढली, पण एक कोपरा नेमका बाहेर ठेवला. बदकं बसायची ती त्याच कोपऱ्यात, आणि रेघेबाहेरचा पक्षी त्या जागेच्या नावावर लागत नाही. बाईंनी फोन केला तर हा म्हणतो, "त्या अंगाला चुलत्याची जमीन हाय मॅडम. कोर्टात तारखा चालू हायत आमच्या. त्याचा बांध आमच्या तळ्यात कशाला?" बदकांना सातबारा वाचता येत नाही, हे त्याला पटवताना बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी कोपरा आत आला. आठवडाभरात त्यानं तो गुपचूप पुन्हा बाहेर काढला.

असल्या गोष्टींवर बाई चिडायच्या आणि जेवून झोपायच्या. धोंडमाळाचं तसं नव्हतं.

धोंडमाळ म्हणजे कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावचं गायरान. दगड, कुसळी गवत आणि वारा. पण हिवाळ्यात तिथं भोवत्या ससाणे यायचे, पार उत्तरेकडून. दिवसभर शेतांवर टोळ वेचायचे आणि सांजेला माळावर जमून घिरट्या घालत गवतात उतरायचे. हा पक्षी झोपतो तो झाडावर नाही, उघड्या माळावर, जमिनीवर. देवणीला बदली झाल्यापासून बाई दर हिवाळ्यात तिथं जाऊन बसत. दुसरं माहेरच म्हणा ना.

त्या माळावर आता वनखात्याचं झाडं लावायचं घाटत होतं. बाई तडक त्या खात्याच्या साहेबांकडं गेल्या. साहेब माणूस सज्जन, चहा मागवणारा.

"साहेब, ती जागा पडीक नाही. तिथं पक्षी झोपतात."

"मॅडम, तसंही आमचं काम अडलंयच," साहेब हसून म्हणाले. "त्या गायरानाची मोजणीच झालेली नाही. चारी बाजूंचे शेतकरी हद्द मानत नाहीत, दरसाल निधी परत जातो. तुमच्याकडं पक्ष्यांच्या जागेचा मंजूर नकाशा असेल तर द्या. फाईलला लावतो."

बाईंच्या कानांनी एवढंच धरलं, नकाशा द्या.

आकाशातून काढलेल्या फोटोत माळ आणि भोवतीची रानं एकसारखीच मातकट दिसायची. म्हणून कुणीतरी मोबाईल चालू ठेवून माळाच्या कडेकडेनं चालणं भाग होतं. माणूस चालेल तशी नकाशावर रेघ उमटते. बाईंना उदगीरला सासरी जायचं होतं. माळाला लागून वैजनाथचं शेत, गडी भरवशाचा. त्याच्या मोबाईलमध्ये सगळं बसवून दिलं आणि तीनतीनदा बजावलं, "फेरी पुरी होईपर्यंत बंद करू नका."

वैजनाथनं दिवस निवडला येळवसेचा, म्हणजे वेळा अमावस्येचा. त्याचा हिशोबही पक्का होता. येळवसेला अख्खं गाव शेतात असतं, कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली असते, आणि त्या दिवशी कुणाच्याही बांधावरून जा, कुणी भांडत नाही. पण भांडत नाहीत तसं सोडतही नाहीत. भज्जी-आंबील घेतल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे त्या घराचा अपमान.

नकाशावर जे उमटलं ते बघून बाईंनी कपाळावर हात मारला. रेघ आधी वैजनाथच्याच शेताभोवती फिरली होती, कारण पूजेची आंबील शेतभर शिंपडताना मोबाईल खिशातच होता. मग माळाला अर्धी प्रदक्षिणा. तिथून पलीकडच्या शेतकऱ्याच्या, चंद्रप्पाच्या कोपीत शिरून ती बराच वेळ घोटाळली, ओढा ओलांडून पाहुण्यांच्या रानात गेली आणि तिथून गावातल्या हापशावर. संगणकानं आपल्या अकलेनं दोन्ही टोकं जोडून टाकली. अर्धं गाव आत, अर्धा माळ बाहेर. ससाण्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी एका झटक्यात बेवारस झाल्या. पुण्याहून वरच्या परीक्षकांचा निरोप आला, 'सदर जागेचा आकार शंकास्पद वाटतो.'

"शंकास्पद कसला डोंबलाचा!" बाई ओरडल्या. "तो जेवणाचा आकार आहे!"

वैजनाथ समोर उभा होता. "नाही कसं म्हनावं बाई? लोकं ताट वाढून वाट बघायलेत."

"मग मोबाईल तरी बंद करायचा!"

"तुम्हीच म्हनलाव ना, बंद करू नगा."

बजावलं होतं त्यांनीच, आणि म्हणूनच बाईंचा संताप जास्त झाला. पुढचे रविवार त्या स्वतः माळाच्या कडेनं चालल्या. प्रत्येक बांधावर तिथला मालक उभा. हा म्हणे हद्दीचा दगड इथं होता, तो म्हणे तिथं. बाईंनी एकेकाला सांगितलं, "भाऊ, ही सातबाऱ्याची हद्द नाही. सही नको, अंगठा नको. पाखरांची जागा किती एवढंच बघतेय."

पाखरांचं नाव निघाल्यावर माणसं सैल झाली. मोजणीदाराला ज्यांनी दगड दाखवले नव्हते त्यांनी बाईंना दाखवले. चंद्रप्पानं तर माळात शिरलेले आपल्या नांगराचे तास कबूल केले. "पाखराचं हाय तर घ्या बाई. सरकारला दिलं नसतं."

रेघ झाली. एकाही ठिकाणी चुकली नाही. पुण्याहून शेरा आला, 'आदर्श सीमा.' इतक्या वर्षांत बाईंचं पहिलं कौतुक. त्यांनी नकाशा त्याच दिवशी साहेबांना पाठवला आणि अमरनाथला पेढे आणायला लावले.

मार्च उलटत आला होता. ससाणे अजून उत्तरेकडं परतले नव्हते. तेवढ्यात वैजनाथचा फोन, "बाई, माळावर जेसीबी आलाय."

बाई पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. आत ओळीनं खड्डे, आणि माळाच्या कडेनं नवा कोरा चर. चर कुठं वळलाय ते त्यांनी पाहिलं. चंद्रप्पाच्या दगडापाशी वळला होता, बाभळीपाशी वळला होता, ओढ्याच्या काठानं जसा जायला हवा तसाच गेला होता. जिथं जिथं त्या थांबल्या होत्या, तिथं तिथं तो वळला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"मी जागा राखायला नकाशा दिला होता साहेब!"

"राखलीच की मॅडम!" साहेब मनापासून खूश होते. "मोजणीवाचून अडलं होतं, तुमच्यामुळं मार्गी लागलं. निधीही परत गेला नाही. आता कुंपण घालतो, गुरंसुद्धा आत येणार नाहीत. पक्ष्यांना झाडं तर लागतातच ना?"

"नाही लागत!" बाई किंचाळल्या. "या पक्ष्यांना नाही लागत!"

"मोठी झाली की बसतील," साहेब म्हणाले.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या होत्या, आणि पीठ बाईंनीच दळून दिलं होतं. चंद्रप्पा बांधावरून नुसता बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बाईंना झालं.

दिवस बुडताना ससाणे आले. माळावर घिरट्या घातल्या, खाली झेपावले, परत वर गेले. पुन्हा झेपावले. गवत होतं तिथं उकरलेली माती होती. बराच वेळ फिरून ते ओढ्यापलीकडं कुठंतरी निघून गेले.

वैजनाथ चराच्या काठावर बाईंच्या शेजारी येऊन बसला. "आमची आंबिलीची रेघ असती तर जेसीबी चंद्रप्पाच्या कोपीत गेला असता बाई. लोकांनी हाणून परत पाठवला असता." मग त्यानं हळूच विचारलं, "आता पुसता येत न्हाई का हो ती?"

"मोबाईलमधली येते," महादेवीबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं.