झाडून ठेवलेलं गायरान

यास्मीन मॅडम तारखेच्या आदल्या दिवशी धड जेवत नाहीत. सोलापूर कोर्टाजवळच्या आमच्या वकिलीच्या खोलीत जमिनीचे झोन, बिनशेती, प्रदूषण मंडळाच्या मंजुऱ्या असली रुक्ष कामं चालतात. त्यासाठी उपाशी काय राहायचं, हे मला, म्हणजे त्यांचा कारकून शिवयोगीला, बारा वर्षांत कळलेलं नाही. ट्रक चालवणाऱ्या बापाची ही लेक फाइल तीनदा तपासते आणि चौथ्यांदा माझ्यावर डाफरते.

मंगळवेढ्याकडच्या धुळा आणि बाळाबाई या मेंढपाळ नवरा-बायकोची फाइल आली, तेव्हा तर मॅडमची झोपच उडाली. गावच्या गायरानावर खडी क्रशर येणार होता. परवानगीच्या अर्जात लिहिलं होतं, जागा पडीक, कुणाच्याच वापरात नाही. मॅडमनी हरकत घेतली की तिथं तीन पिढ्या मेंढरं चरतात. आता तहसीलचे साहेब येऊन जागा बघणार आणि त्यांच्या अहवालावर सगळं ठरणार. गायरान गेलं तर एकशेचाळीस मेंढरं कुठं न्यायची, हे धुळालाही सांगता येत नव्हतं.

पाहणीचा निरोप फोनवर मीच दिला. "साहेब येणारेत, सगळं नीट ठेवा." एवढंच बोललो. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या सकाळी मॅडम गाडीतून उतरल्या आणि जागीच थिजल्या. रस्त्याकडचं सगळं गायरान अंगणासारखं लख्ख होतं. लेंडी औषधालासुद्धा नव्हती. वस्तीवरच्या बायकांनी पहाटेपासून खराटे चालवले होते, वाटेवर सडाही घातला होता. मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून घरात ठेवली होती.

"मेंढरं कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"टेकडीपल्याड धाडली की," धुळा म्हणाला. "साहेबांच्या बुटाला घाण लागाय नगं."

"आधी आणा! पळा!"

काय चुकलं ते न कळताच धुळा धावत सुटला. तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच.

मॅडमनी कुरतडलेलं गवत दाखवलं. साहेब म्हणाले, उन्हानं जळलंय.

"या लोकांनी तुमच्यासाठी झाडलंय हो. अर्धा तास थांबा, मेंढरं येतायत."

"मॅडम, मी दिसतं ते लिहितो. मला दोनला मीटिंग आहे."

त्यांनी अहवाल लिहिला. मॅडमनी खाली आपली हरकत नोंदवली. ती हरकत कितपत टिकेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. साहेब गेले तरी टेकडीवर मेंढरांचा पत्ता नव्हता.

बाळाबाई पदराला हात पुसत आली. "काय लिवलं वो साहेबांनी? वाचा की."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अहवालाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता.

"जागा पूर्णपणे स्वच्छ व मोकळी आहे," मी वाचलं.

"व्हय?" तिचा चेहरा फुलला. "बगा, लिवलं की साहेबांनी!" ती बायकांना सांगायला पळाली.

पुढचं वाक्य होतं, 'चराईच्या खुणा आढळल्या नाहीत.' ते मी वाचलं नाही. मॅडमनीही वाच म्हटलं नाही.