विषय क्रमांक एकवीस, फूटपाथ

मी अमेरिकेला निघाले तो दिवस पंधरा ऑगस्टचा होता. त्या दिवसाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, ते घेऊन टाकलं. माझे बाबा तेव्हा ग्रामसेवक होते आणि पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते, हे नागपूरच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार? बाबा विमानतळावर आलेच नाहीत. पहाटे सहाला वडूजच्या एसटी स्टँडवर त्यांनी माझी बॅग चढवली, रुमालानं तोंड पुसलं (घाम होता असं ते आजही म्हणतात) आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. मला आठला झेंडावंदन, मग सभा." आई मी बारावीत असतानाच गेली होती, त्यामुळे निरोपाला दुसरं कुणी नव्हतं. एसटी वळली तेव्हा बाबा मोटारसायकलला किक मारत होते. मला भयंकर राग आला. पोरगी सातासमुद्रापार चालली आणि ह्या माणसाला सभेचं प्रोसीडिंग बुक सुचतंय!

त्याला सोळा वर्षं झाली. आधी टेक्ससमधल्या प्लेनोत राहिलो, मग मंदारची नोकरी बदलली आणि आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीपासून जवळच्या एका लहान गावात घर घेतलं. मी याला गाव म्हणते आणि तिकडची चुलतभावंडं हसतात. पण खरंच गाव आहे. एक चर्च, एक लायब्ररी, एक फायर स्टेशन, आणि आमच्या वस्तीत इतके मराठी लोक की गणपतीच्या आरतीला घराबाहेर चपलांचा ढीग लागतो.

तीन वर्षांपूर्वी मी इथली नागरिक झाले. शपथ घेतली, छोटा झेंडा हलवला, फोटो काढले, आणि घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "अभिनंदन. तुझं नाव इथल्या मतदार यादीतून कमी करायला मी अर्ज देतो." आणि खरंच दिला. निवृत्त झालेला माणूस, कुणी विचारलंही नसतं. मी चिडून म्हटलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाले, "नियम आहे, वैशू. एका माणसाचं नाव एकाच यादीत." त्या वाक्यानं मला कुठूनतरी काढून टाकल्यासारखं वाटलं. इकडे यादीत नाव घातलं होतं खरं, पण सलग दोन वर्षं मी कुठल्याच मतदानाला गेले नाही. दर वसंतात गावाच्या सभेची नोटीस पोस्टानं यायची आणि पिझ्झाच्या कूपनांबरोबर रिसायकलिंगमध्ये जायची.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले.

आयुष्यभर ते चालत आलेले. नोकरीत चार गावं सांभाळली, सगळी पायाखालची. आमच्या घरापासून लायब्ररी दीड किलोमीटर आहे, पण मधल्या रस्त्याला फूटपाथ नाही. एका बाजूला दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला झाडी आणि मधून पन्नासच्या वेगानं जाणाऱ्या गाड्या. मी बजावलं होतं, बाबा, एकटे जाऊ नका. जूनमधल्या एका सकाळी ते निघालेच. अर्ध्या वाटेत पोलिसाची गाडी थांबली. तो तरुण पोलीस चांगला होता हो, खाली उतरून अदबीनं त्यानं विचारलं, आपण हरवला आहात का? बाबांना घराचा नंबर सांगता येईना, त्यांनी माझा पत्ता आणि फोन लिहिलेली खिशातली चिठ्ठी पुढे केली. मी कामावरून धावत आले तेव्हा पोलीस बाबांना दारात उतरवत होता आणि समोरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी बघत होतं.

ज्या माणसाला चार गावांतला प्रत्येक घर नंबर पाठ होता, त्याला पोलिसांनी गाडीत घालून घरी आणलं. त्या दिवसापासून बाबा एकटे घराबाहेर पडले नाहीत. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. माझ्या मुलीनं, ईरानं, "आजोबा, let's go for a walk" म्हटलं की म्हणायचे, "आई आल्यावर गाडीतून जाऊ." ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्यांनी शांतपणे सांगितलं, "माझं तिकीट अलीकडं घे. आणि पुढच्या वर्षी मला बोलवू नकोस. इथं माझं पार्सल झालंय, कुणी उचलल्याशिवाय हलता येत नाही."

मी ते ऐकलं आणि ठरवलं, हा फूटपाथ होणार.

आता आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. मी टाउन हॉलच्या वेबसाइटवर वाचलं की दहा नोंदणीकृत मतदारांनी सह्या केल्या तर कुठलाही विषय गावाच्या वार्षिक सभेपुढे ठेवावाच लागतो. दहा? मला हसूच आलं. गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी कागद ठेवला आणि एका दुपारीत त्रेसष्ट सह्या झाल्या! काका, काकू, मावशी, न्यू जर्सीहून आलेले कुणाचे तरी साडू, सगळ्यांनी केल्या. पहिली सही बाबांची, मराठीत, खाली शेपटीसारखी रेघ ओढून आणि कंसात "सेवानिवृत्त ग्रामसेवक". सही करताना त्यांनी चष्म्यावरून विचारलं होतं, "मतदार नसलेल्याची चालते का?" मी म्हटलं, "चालेल हो बाबा, जेवढ्या जास्त तेवढं बरं." सप्टेंबरच्या शेवटी बाबा परत गेले. मी तो कागद टाउन हॉलमधल्या क्लार्कबाईंना दिला. त्यांनी यादीशी एकेक नाव ताडून पाहिलं आणि चष्मा काढून सांगितलं, यातली सात चालतात.

त्रेसष्टातली सात! बाकी सगळे व्हिसावाले, ग्रीन कार्डवाले आणि सुट्टीला आलेले आईवडील. त्यात माझा नवराही. त्याचा नागरिकत्वाचा फॉर्म लॅपटॉपवर अर्धा भरून दोन वर्षं पडलाय. नागपूरला त्याची आई आहे आणि उरलेला अर्धा त्याच्यानं भरवत नाही. मी फोनवर बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तरी विचारलं होतं मी." वडिलांना विचारायचं सोडून आपण इंटरनेटवर वाचत बसतो, त्याची ही फळं.

तीन सह्या कमी होत्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या रस्त्यावर सहा वर्षं राहून मी एकाही गोऱ्या शेजाऱ्याच्या दारात गेले नव्हते. हात हलवायचा, हसायचं, गॅरेजचं दार खाली. थंडीच्या दिवसांत, पायात बूट आणि हातात चकल्यांचा डबा घेऊन मी समोरच्या घराची बेल वाजवली. मेरिलिन नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई तिथे एकट्या राहतात. जूनमध्ये खिडकीतून बघत होत्या त्या याच. मला वाटलं, या फूटपाथ नकोच म्हणणार. त्यांनी चकली मोडून चावली, कागद वाचला आणि म्हणाल्या, "तुझे वडील परत का नाही आले चालायला? मी रोज सकाळी वाट बघायचे. खुब्याचं हाड मोडायच्या आधी मीपण चालायचे त्या रस्त्यानं." त्यांनी सही केली आणि आणखी चार घरं दाखवली. एका घरी कुत्रं अंगावर आलं, एका घरी कॉफी मिळाली. जानेवारीत विषय दाखल झाला.

सभेत बोलायला तीनच मिनिटं मिळतात. मी भाषण लिहिलं आणि मेरिलिनला वाचून दाखवलं. सुरुवातीलाच आदरणीय मंडळ, माननीय सदस्य, उपस्थित बंधुभगिनी, सगळ्यांचे आभार. त्यांनी घड्याळ बघून सांगितलं, "तुझी तीन मिनिटं संपली आणि फूटपाथ अजून आलाच नाही." मग दोघींनी मिळून ते अर्ध्या पानावर आणलं. गावाच्या वित्त समितीनं आमच्या विषयावर लेखी शेरा मारला होता, शिफारस नाही. या रस्त्यावर पादचारी दिसत नाहीत, हे कारण.

बाबांना बोलवायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी मी सभेची छापील नोटीसच फोनवर पाठवून दिली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण. "अगं, ही तर आपलीच नोटीस! स्थळ, वेळ, विषय क्रमांक, सगळं आहे. मागचं इतिवृत्त कुठंय? आणि विषय एकवीसवर ठेवलाय, तोवर माणसं उठून जातात. तुझी माणसं धरून ठेव. कितवी तारीख म्हणालीस?" असे बाबा परत आले. माझ्यासाठी नाही, सभेसाठी. मला चालतंय.

मेमधला शनिवार, सकाळी नऊ वाजता, हायस्कूलचं सभागृह. दारात यादीत नाव बघून मला मतदानाचं पिवळं कार्ड दिलं. बाबांना आणि मंदारला कार्ड नाही. त्यांना कडेला, दोरी लावलेल्या पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसले होते, मांडीवर वही. मी गावभर फोन करून शोधलेले, नागरिक झालेले आपले बरेच लोक आले होते, पण दुपारी एकच्या सुमारास चुळबूळ सुरू झाली. कुणाची नाटकाची प्रॅक्टिस, कुणाच्या मुलाचं सॉकर. मी रांगेरांगेतून हात जोडत फिरले. "काकू, अजून दोनच विषय. प्लीज यार, राहुल, प्रॅक्टिस कॅन्सल कर ना."

एकवीस पुकारला. मी माझं अर्धं पान वाचलं. मग एक उंच गृहस्थ माइकपाशी आले, सभ्यपणे म्हणाले की तीस वर्षं मी त्या रस्त्यानं गाडी चालवतो, आजवर मला कुणी चालताना दिसलेलं नाही. जिथे कुणी चालत नाही तिथे फूटपाथ कशाला? बरीच डोकी हलली. तेवढ्यात मेरिलिन काठी टेकत उठल्या. सभेत एकमेकांशी बोलायचं नसतं, फक्त अध्यक्षांशी बोलायचं असतं. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "चालणारा माणूस इथे हजर आहे. पाहुण्यांच्या रांगेत. सभेची परवानगी असेल तर त्याला बोलू द्यावं." अध्यक्षांनी सभेला विचारलं आणि सगळं सभागृह पिवळं झालं.

ग्रामसेवकाला ग्रामसभेत स्वतःचं म्हणणं नसतं. तो नोटीस काढतो, वाचून दाखवतो, दुसरे बोलतील ते लिहितो. बत्तीस वर्षं बाबांनी तेच केलं. ते माइकपाशी आले, अध्यक्षांना नमस्कार केला आणि मराठीत बोलले. मी शेजारी उभी राहून भाषांतर करत होते.

"अध्यक्ष महाराज, मी मतदार नाही. मला इथं मागायचा अधिकार नाही, म्हणून मी काही मागत नाही. फक्त नोंद करावी. हे साहेब म्हणतात ते बरोबर आहे. त्या रस्त्यावर कुणी चालत नाही. मी चालत होतो. मला पोलिसांनी घरी आणून सोडलं. पोलीस भला माणूस होता. त्यानंतर मीही चालत नाही."

शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगताना माझा आवाज फुटला. बाबांनी वाट पाहिली, मी ते पुन्हा नीट सांगितलं, मग ते जागेवर जाऊन बसले.

मतदान झालं. कार्डं वर गेली. अध्यक्षांना बघून अंदाज येईना, म्हणून रांगेरांगेनं मोजणी झाली. मोजताना कडेच्या रांगेत मंदारचा हात आपोआप वर गेला आणि बाबांनी तो धरून खाली केला. "मंदारराव, आपल्याला मत नाही." आकडा जाहीर झाला, आम्ही अकरा मतांनी जिंकलो. मी टाळ्या वाजवत होते, रडत होते, काय करत होते देव जाणे. आयुष्यात मला डिग्र्या मिळाल्या, प्रमोशनं मिळाली, पण इतकी फुशारकी मी कशाचीच मारलेली नाही, आणि ती मी इथे उघड मारते आहे. ते उंच गृहस्थ येऊन बाबांशी हात मिळवून गेले. त्या रात्री मंदारनं लॅपटॉप उघडला आणि नागपूरला आईला फोन लावला. ती दोघं काय बोलली ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. बाबा रोज सकाळी अंगणाच्या कडेला हात मागे बांधून उभे. काँक्रीट पडल्यावर मुकादमाला खुणेनं विचारायचे, पाणी मारलं का? तो अंगठा वर करायचा. सप्टेंबरच्या मध्यावर फूटपाथ लायब्ररीला भिडला.

त्यानंतरच्या एका मंगळवारी मी दुपारीच घरी आले. बाबा घरात नव्हते. खिडकीशी खुर्ची रिकामी, बूट जागेवर नाहीत, फोन चार्जिंगला लावलेला. गाडीची किल्ली उचलून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. परत फिरले, चहा टाकला. एकटीनं प्यायले.

तासाभरानं दार उघडलं. बाबा आत आले, बूट काढले, काखेतलं ट्रॅक्टरच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चहाच्या भांड्यात डोकावले.

"कुठं गेला होतात?" मी विचारलं.

"बाहेर," ते म्हणाले.

एवढंच. ना पत्ता, ना खुलासा, ना माझी परवानगी. माणूस आपल्या घरात जसं सांगतो तसं. तिकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं सगळं सोडून इकडे आलेल्यांनो, सोळा वर्षं मला लोक विचारतात की आता तुझं घर कुठलं, आणि मी काहीतरी हसण्यावारी नेते. त्या दुपारी पहिल्यांदा मला उत्तर ठाऊक होतं. मी बाबांसाठी पुन्हा चहा टाकला.